भिंतीत पोकळी ठेवायची की छतावर खर्च करायचा? घर बांधणाऱ्या सातारा-सांगलीकरांनी आधी हे पाहा

एप्रिल-मे महिन्यात रात्री दहा-अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून बघा. सूर्य मावळून चार तास झाले तरी भिंत गरम लागते. वर स्लॅबला हात पुरत असता तर तो त्याहून गरम लागला असता. पंखा फिरतो, पण वारा तापलेलाच येतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं अंगणात किंवा गच्चीवर जाऊन झोपतात. त्यामुळे नवीन घर बांधायला काढलं की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. भिंतीत पोकळी ठेवून त्यात थर्माकोल किंवा फोम भरला तर घर गार राहील का? मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ येतात, एखादा पाहुणा पुण्याहून सांगून जातो, साहित्य विकणारा तर सांगतोच.

उत्तर गावागणिक बदलतं. पाटणच्या घराला एक, जतच्या घराला दुसरं आणि भिलवडीच्या घराला तिसरं. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी समजून घेतल्या तर पुढचा पश्चात्ताप वाचतो.

पोकळी आली ती पावसासाठी

दोन पातळ भिंती समांतर उभ्या करायच्या, मध्ये दोन-तीन इंच जागा मोकळी सोडायची आणि दोन्ही भिंती लोखंडी पट्ट्यांनी जागोजागी जोडायच्या, ही पद्धत इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात वाढली. कारण उन्हाचं नव्हतं, ओलीचं होतं. बाहेरची भिंत पावसाने भिजली तरी पाणी पोकळीत उतरून खाली जावं आणि आतली भिंत कोरडी राहावी, एवढाच हेतू. त्या पोकळीत लोकर, फोम नाहीतर थर्माकोलचे दाणे भरायचं काम तिथे १९७० नंतर जोरात सुरू झालं, कारण थंडीत घर तापवायचा खर्च वाढला होता. बाहेरच्या भिंतीला भोकं पाडून यंत्राने भरण करतात. त्याचा बहुतेक घरांना फायदा झाला. मात्र समुद्राकडून वाऱ्यासह मारा करणारा पाऊस जिथे पडतो, तिथे काही घरांत उलटंच झालं. भरलेल्या वस्तूने बाहेरची ओल आतल्या भिंतीपर्यंत आणली आणि खोल्यांत बुरशी आली.

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पश्चिमेकडच्या लोकांनी हे नीट लक्षात घ्यावं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही आडवा. तिथले लोक पावसाळ्याआधी घरांना आणि दुकानांना गवताच्या झडी बांधत आले आहेत. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे कागद दिसतात. झड म्हणजे भिंतीच्या बाहेर उभा केलेला दुसरा पडदाच. पाऊस झडीवर पडतो, मध्ये हवा खेळते, भिंत कोरडी राहते. इंग्रजांच्या पोकळीचं काम गवतावर भागत होतं. अशा भागात भिंतीत मोकळी पोकळी ठेवली तर उपयोग आहे, पण तीच ठासून भरली तर मूळ उपयोगच जातो.

तुमच्या भिंतीत पोकळी आहे तरी का?

जुन्या घरात भरण करून देतो म्हणणारा कुणी आला तर पहिला प्रश्न हाच. सातारा-सांगलीतली बहुतेक पक्की घरं नऊ इंची भरीव विटांची, नाहीतर कॉलम-बीममध्ये सहा इंची भिंतीची. त्यात भरायला जागाच नाही. शंका असेल तर खिडकीच्या चौकटीजवळ भिंतीची जाडी मोजावी. तेवढ्यावर कळलं नाही तर एका अडगळीच्या जागी ड्रिलने बारीक भोक पाडून तार घालून बघावी. तार मध्येच सैल पुढे गेली तर पोकळी आहे, शेवटपर्यंत वीटच लागली तर नाही.

जुने दगडी वाडे आणि खोऱ्यातली घरं यांची गोष्ट वेगळी. त्या दोन-अडीच फुटी भिंती बाहेरून एकसंध दिसतात, पण आत दोन तोंडं असतात आणि मधल्या जागेत माती, कपच्या, बारीक दगड भरलेले असतात. म्हणजे भरण तिथे आधीच झालेलं आहे. ही भिंत दिवसभर ऊन सोसते आणि आत गारवा ठेवते हे खरं. पण दोन्ही तोंडांना सांधणारे आरपार लांब दगड नसले तर धक्क्यात ही तोंडं एकमेकांपासून सुटतात आणि मधली भर ढासळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडे माणसं मोठ्या संख्येने अशाच भिंतींखाली आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली गेली. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट कोयनानगरच्या जुन्या माणसांना अजून आठवते. सुमारे १८० माणसं त्या भूकंपात दगावली. पाटण तालुक्यात धक्के आजही बसतात.

म्हणून कोयना खोऱ्यात नव्याने पोकळ भिंत बांधायची तर ती गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. दोन सुट्या चार इंची भिंती म्हणजे नऊ इंची भिंतीची ताकद नव्हे. जोते, लिंटेल आणि छत या तिन्ही पातळ्यांवर आरसीसीचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, हे आधी. गारव्याचा विचार नंतर.

कमी विटांत पोकळी

भारतात पोकळ भिंतीची जी पद्धत सगळ्यात जास्त चालली ती केरळातली. लॉरी बेकर हे मूळ इंग्लंडचे वास्तुशिल्पी भारतात आले, इथलेच झाले आणि २००७ साली तिरुवनंतपुरमला वारले. गरिबांच्या घरांसाठी त्यांनी ही बांधणी लोकप्रिय केली. तिला रॅट ट्रॅप बॉण्ड म्हणतात, म्हणजे उंदराच्या सापळ्यासारखी बांधणी. वीट पालथी न घालता कडेवर उभी करायची. दोन विटा समोरासमोर आणि पुढची एक आडवी आरपार. आपल्या नऊ-चार-तीनच्या विटेत हिशेब सरळ बसतो. दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच वीट आणि मध्ये तीन इंचांचा खण. भिंत नऊ इंचीच राहते, विटा मात्र साधारण चौथा हिस्सा कमी लागतात, मालही वाचतो.

ऐकायला छान. अडचण विटेत आणि हातात आहे. या बांधणीला एकसारखी, धारदार कडांची, नीट भाजलेली वीट लागते. कृष्णाकाठच्या भट्टीवरची हातथापी वीट मापाला कमी-जास्त असते, एखादी वाकडी, एखादी करपलेली. गवंड्याने हे काम आधी केलेलं नसेल तर तो खणांत माल पाडून ते बुजवून टाकतो, मग पोकळीही गेली आणि वाचलेला मालही गेला. आधी कंपाउंडची चार हात भिंत त्याच्याकडून करून घ्यावी, ती जमली तर घराचं बघावं. नळाच्या आणि लाईटच्या पाईपची जागा आधीच ठरवावी लागते, कारण अशा भिंतीत मागाहून झिरी पाडत बसलं तर वीट फुटते.

आणि गारवा किती? भरीव नऊ इंची भिंतीपेक्षा थोडा बरा. आडव्या आरपार विटांतून उष्णता आत येतच राहते. ही भिंत घ्यायची तर विटा वाचतात म्हणून घ्यावी.

सिमेंटच्या पोकळ ब्लॉकबद्दलही एक गैरसमज आहे. मध्ये भोकं आहेत म्हणजे गार, असं नाही. भोकांच्या कडेचं काँक्रीट उष्णता भराभर आत आणतं. हलका पांढरा ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सगळे सरसकट सिपोरेक्स म्हणतात, तो मात्र खरोखर उष्णता अडवतो. विटेच्या तुलनेत त्यातून साधारण चौथा भाग उष्णता जाते, कारण त्याच्या अंगभर बारीक हवेचे बुडबुडे असतात. वजनाला हलका, म्हणून कॉलम-बीमच्या घराला सोयीचा. पण तो पाणी पितो. गिलावा नीट धरला नाही तर तडे जातात आणि जड फळी टांगायची तर साधा खिळा धरत नाही.

छताचा हिशेब एकदा करून बघा

आपल्याकडे मे महिन्यात सूर्य दुपारी अक्षरशः डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस सांगलीला आणि साताऱ्याला मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच असतो. डोक्यावरचं ऊन भिंतीवर तिरकं घसरतं, छतावर मात्र सरळ पडतं. दक्षिणेच्या भिंतीला तर त्या दिवसांत जवळजवळ ऊनच लागत नाही. तापते ती पश्चिमेची भिंत, आणि तीही दुपारनंतर.

दहा बाय बाराची खोली धरा. वर पाच-सहा इंची उघडा स्लॅब. दुपारी तो वरून साठ अंशांच्या आसपास तापतो आणि खोलीत पस्तीस. ढोबळ हिशेबाने छतातून नऊशे-हजार वॉट उष्णता आत येते. म्हणजे कॉइलची एक शेगडी पेटवून छताला उलटी टांगल्यासारखंच. त्याच खोलीची पश्चिमेची नऊ इंची भिंत तिच्या भर उन्हात तीनशेच्या घरात उष्णता आणते. आता भिंतीत नुसती पोकळी ठेवली तर त्या तीनशेतले पन्नास-साठ वाचतील. पोकळी पूर्ण भरून नीट काम केलं तर दोनशेच्या वर वाचतील. पण छतावर चांगल्या प्रतीचा एक इंची उष्णतारोधक थर टाकला तर सहाशे-सातशे वाचतात. भिंत उष्णता सहा-आठ तास धरून ठेवते आणि मग आत सोडते, स्लॅबही तसाच उशिरा सोडतो, त्यामुळे घड्याळ पुढे-मागे होईल. प्रमाण मात्र एवढंच राहतं.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली राहत्या घरांसाठी इको निवास संहिता काढली, तिच्यातही छताला स्वतंत्र मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला जास्तीत जास्त १.२ वॉट. उघडा स्लॅब साडेतीनच्या आसपास असतो. ही संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी आहे, गावातल्या घराला तिची सक्ती नाही. आकडा मात्र कामाचा आहे. साहित्य विकणाऱ्याला विचारा, तुमच्या थराने माझं छत १.२ च्या खाली येईल का? उत्तर देता आलं नाही तर तो फक्त शीट विकतोय.

स्वस्तातून सुरुवात

घरकुलाच्या लाभार्थ्याला केंद्राच्या योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, घर किमान २५ चौरस मीटरचं. त्यात थर्माकोलच्या भिंतींची गोष्ट करणं म्हणजे चेष्टाच. अशा घराला पहिला उपाय चुना. स्लॅब झाडून, भेगा बुजवून, पाडव्याच्या सुमाराला दोन हात चुन्याचे. पांढऱ्या छतावरून ऊन परत फिरतं आणि स्लॅबचं वरचं तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतं. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करावा लागतो. तयार पांढरा रंग दोन-चार वर्षं टिकतो, पण धूळ बसली की त्याचाही गुण कमी होतो. झाडू मारत राहिलं पाहिजे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे त्यात गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं काम आलं. तिथे कुणी भिंती भरायला गेलं नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे सांगलीकडे जागोजाग दिसणारी गच्चीवरची पत्र्याची शेड. सात-आठ फूट उंच, चारी बाजू मोकळ्या. स्लॅबवर सावली पडते, मधून वारा जातो, वर भुईमुगाच्या शेंगा वाळत घालता येतात, लग्नकार्यात पंगत बसते. गारव्याच्या दृष्टीने ही शेड भिंतीतल्या कुठल्याही पोकळीपेक्षा भारी. फक्त वळवाच्या वाऱ्याचा विचार करून पाईप स्लॅबमध्ये पक्के धरावेत, कारण आटपाडी-माणच्या माळावर पत्रे उडून शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. ग्रामपंचायतीत आधी विचारून ठेवलेलं बरं.

विटांच्या तुकड्यांचा कोबा गळतीवर चांगला, उष्णतेवर मध्यम. त्याचं वजन लक्षात ठेवा. चार-पाच इंची कोबा शंभर चौरस फुटाला जवळपास दोन टन भार टाकतो. जुन्या, सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर इंजिनिअरला न दाखवता कोबा घालू नये.

पत्र्याचंच घर असेल तर पत्र्याखाली काहीतरी आडवं हवंच. गोठ्यावर उसाचं पाचट टाकण्याची रीत आहे, घरावरही काही जण टाकतात. गार होतं, पण एका ठिणगीचं काम असतं. आतून उघडा थर्माकोल लावणं त्याहून वाईट. तो पेटतो, वितळून खाली गळतो आणि धूर विषारी असतो. चुलीच्या किंवा गॅसच्या खोलीत तर लावूच नये. ऊसपट्ट्यात आणखी एक दुखणं म्हणजे उंदीर. तोडणी झाली की फडातला उंदीर घराकडे वळतो आणि थर्माकोल, फोम कुरतडून त्यात घर करतो. मोकळ्या पोकळीचंही तसंच आहे. खालचं आणि वरचं तोंड जाळीने बंद नसेल तर उंदरांना आयता बोगदाच मिळतो.

नदीकाठी भरू नका

२००५, २०१९ आणि २०२१. सांगलीच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या तालुक्यांतल्या नदीकाठच्या घरांत पाणी दिवसेंदिवस उभं होतं. पाणी ओसरल्यावर भरीव भिंत धुता येते, उन्हाने वाळवता येते. भिंतीच्या पोटात शिरलेला गाळ कसा काढणार? लोकरीचं भरण पाणी धरून बसतं आणि महिनोन्‌महिने कुबट वास येत राहतो. ज्या घरात एकदा पुराचं पाणी आलं आहे, तिथे पुराच्या रेषेखाली भिंतीत पोकळी नको आणि भरण तर अजिबात नको. त्या पैशात जोतं दोन हात वर घेतलं तर जास्त उपयोग.

सांगलीकरांना हा धडा नवा नाही. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोल खणलेल्या खड्ड्यांत, वर्षानुवर्षं हळद ठेवली जायची. भोवतालच्या मातीने आत एकसारखी हवा राहायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं आणि पेवांचं मोठं नुकसान झालं. आता हळद आणि बेदाणा शीतगृहांत जातो. या जिल्ह्यात भिंती भरून काम करणारी खरी जागा तीच. तासगाव-सांगलीच्या शीतगृहांना फोम भरलेल्या जाड पॅनेलच्या भिंती असतात आणि तिथे त्यांचा पैसा वसूलही होतो, कारण यंत्र रात्रंदिवस चालतं आणि दार सतत बंद असतं.

घराचं तसं नसतं. भरलेली भिंत थंडावा निर्माण करत नाही, असलेला थंडावा बाहेर जाऊ देत नाही. पहाटेपासून दार सताड उघडं, माणसांची ये-जा, खिडक्यांतून गरम वारा आत, अशा घरात भिंत कितीही भरली तरी हवा बाहेरच्याइतकीच तापणार. उलट रात्री खिडक्या बंद ठेवल्या तर माणसांची, चुलीची, फ्रिजची उष्णता आत अडकते. एसी रोज पाच-सहा तास चालत असेल, खोली वरच्या मजल्यावर पश्चिमेला असेल आणि छताचं काम आधीच झालं असेल, तर त्या एका भिंतीला उष्णतारोधक थर देण्यात अर्थ आहे. तोही शक्यतो बाहेरून. आतून लावला तर भिंतीतली ओल अडकते.

एसी नसलेल्या घराने पश्चिमेच्या भिंतीपुढे पडवी काढावी. जागा नसेल तर दोन फूट अंतरावर बांबूचा मांडव करून गिलकीचा किंवा कारल्याचा वेल चढवावा, नाहीतर शेडनेट ताणावं. उन्हाळ्यात दुपारी दारं-खिडक्या लावून घ्याव्यात आणि सूर्य मावळल्यावर आरपार उघडाव्यात. माणदेशातली माळवदी घरं एवढ्यावर गार राहायची: भिंत जाड, खिडकी लहान, छतावर पांढऱ्या मातीचा फूटभर थर. भूकंपाच्या भीतीने आणि दरवर्षीच्या माती-डागडुजीला कंटाळून लोकांनी माळवद सोडलं, त्यात चूक काहीच नाही. पण स्लॅब टाकताना तो मातीचा थर गेला आणि त्याच्या जागी काही आलं नाही.

काम करायचं ठरलंच तर छताचा थर आणि पांढरा रंग मृगाच्या आधी महिनाभर आटोपावा. ओल्या स्लॅबवर टाकलेला थर पाणी खाली दाबून ठेवतो आणि मग गळती नेमकी कुठून सुरू झाली ते सापडत नाही. थर टाकण्यापूर्वी गच्चीत दोन दिवस पाणी साठवून बघावं, पाणी कुठे पाझरतं ते खडूने खालच्या बाजूला खूण करून ठेवावं, ते बुजवावं आणि मगच ठेकेदाराला उरलेली रक्कम द्यावी.